खोट्या बँडची खरी गाणी

२०२५ च्या भाऊबीजेला आमच्या आक्काच्या घरी भांडण झाले. दिवाळीत फटाके बाहेर वाजतात तसे घरातही वाजतात, त्यात नवल नाही. पण हे भांडण वाटणीवरून नव्हते, आहेरावरून नव्हते, की कोणाची चकली नरम पडली यावरूनही नव्हते. ते एका गाण्यावरून झाले आणि त्यात माझा पराभव झाला. तो पराभव धुऊन काढण्यासाठी हा लेख लिहीत आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रसंग असा. ओवाळणी झाली होती. फराळाची ताटे उचलली होती. आक्काची नात, वय वर्षे अकरा, खिडकीशी बसून मोबाइलवर एक गाणे ऐकत होती आणि ऐकता ऐकता स्वतःही वरच्या पट्टीत गात होती. भाषा इंग्रजी, मधूनच कोरियन. आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी विचारले, "कोण गं ही बाई गाते आहे?"

"बाई नाही आजोबा, तीन मुली आहेत. त्यांचा बँड आहे."

"कुठला बँड?"

"पिक्चरमधला."

"म्हणजे पिक्चरसाठी बोलावलेला?"

"नाही हो! पिक्चरमध्येच असतो. खरा नाहीच आहे तो. कार्टून आहे."

दाजींनी चष्मा काढला. दाजींनी चष्मा काढला की समोरच्याचे गणित चुकलेले असते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "म्हणजे जो बँड नाही, त्याचे गाणे तुम्ही ऐकता! मग उद्यापासून आक्काने भिंतीवर लाडवांचे चित्र काढावे आणि आपण सर्वांनी त्याच्यासमोर बसून ढेकर द्यावी."

सगळे हसले. मीही हसलो, याची मला लाज वाटते. पोरीने गाणे बंद केले, मोबाइल उपडा ठेवला आणि ती आत निघून गेली. तेव्हा कुठे मी दाजींशी वाद घालायला उभा राहिलो. पण मला काही धड सुचले नाही. माझी उत्तमोत्तम उत्तरे मला नेहमी एस.टी. सुटल्यावर सुचतात. तीच आज येथे मांडतो.

प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडावी, मग ती पाडावी, असा संकेत आहे. दाजींचे म्हणणे तीन कलमी होते. पहिले कलम : हा बँडच अस्तित्वात नाही, म्हणून त्याचे गाणे खोटे. दुसरे कलम : हे गाणे कोणाच्या हृदयातून आलेले नाही, कोणी पैसे दिले, मापे दिली आणि शिंप्याने कपडा शिवावा तसे शिवून घेतले. तिसरे कलम : हाडामांसाच्या कलावंतांना सोडून पोरे भुतांच्या भजनी लागली आहेत.

पहिल्या कलमाचा समाचार घेण्यासाठी मला परदेशी जाण्याची गरज नाही. दाजींच्याच दिवाणखान्यातल्या कपाटापर्यंत गेले की पुरे. त्या कपाटात 'कट्यार काळजात घुसली'च्या गाण्यांची जुनी कॅसेट आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले आणि वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले. दाजींनी ते किती वेळा पाहिले असेल याची गणती त्यांनाही नाही. आता मी विचारतो : खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले हा इसम कोणत्या जनगणनेत नोंदला गेला आहे? पंडित भानुशंकरांचे घराणे कोणत्या संगीतकोशात सापडते? विश्रामपूर संस्थान नकाशावर कुठे आहे? कोठेही नाही. दोन घराणी खोटी, दरबार खोटा, कट्यार तर कार्डबोर्डाचीही असेल. तरी दाजींच्या डोळ्यांना पाणी येते ते खरे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. त्यात खाँसाहेब दिसतात ते सचिन पिळगांवकर आणि ऐकू येतात ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. म्हणजे मुळात नसलेल्या गवयाला चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा! त्याच चित्रपटातल्या गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नसलेल्या घराण्याच्या गाण्याला सरकारी मोहोर लागली आणि कोणी चष्मा काढला नाही. मग कोरियन मुलींनीच काय घोडे मारले आहे?

आमच्या नाट्यसंगीताची सगळी इमारत याच पायावर उभी आहे. गाणारा कोण हे खोटे, गाणे खरे. शंभर-सव्वाशे वर्षे आम्ही हा करार पाळत आलो. तो करार मराठी माणसाला समजावून सांगावा लागावा, याचेच मला आश्चर्य वाटते.

आता दुसरे कलम : मापे देऊन शिवून घेतलेले गाणे. या कलमात थोडे तथ्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचे आहे. १९६९ साली अमेरिकेत 'द आर्चीज' नावाच्या बँडचे एक गाणे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. हा बँड म्हणजे दूरदर्शनवरच्या व्यंगचित्रमालिकेतली कागदी पोरे. गाणे लिहिले जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, मुख्य गळा रॉन डान्टे याचा. मागणीनुसार पुरवठा, यात शंका नाही. पण मी दाजींना विचारतो, मागणीनुसार केलेले ते सर्व खोटे काय? १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला एक याप्रमाणे गीते मागितली. गदिमांनी ती लिहिली, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या आणि छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' उभे राहिले. मुदत ठरलेली, वार ठरलेला, प्रसंग ठरलेला. कोणाची छाती आहे त्याला शिवून घेतलेले म्हणण्याची? कपडा मापाने शिवला म्हणून खोटा ठरत नाही. तो अंगाला बसला नाही तर मात्र फसतो. पाहायचे ते एवढेच की कोणाच्या अंगासाठी शिवला.

आणि येथेच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. चित्रपटातल्या कल्पित बँडचे गाणे आपल्याला का चिकटते? कारण ते गाणे कोणाच्या तरी गरजेच्या मापाने शिवलेले असते आणि ती गरज आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. खऱ्या बँडचे गाणे आपल्या घरी येते ते तयार होऊन, पाटावर बसलेल्या नवरदेवासारखे. त्याचे बालपण आपण पाहिलेले नसते. कल्पित बँडचे गाणे मात्र आपल्यासमोर रांगते, पडते, उठते आणि चालू लागते.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते सांगण्यासारखे आहे. टॉम हँक्स या नटाने १९९६ साली 'दॅट थिंग यू डू!' हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. काळ १९६४ चा, जागा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातले ईरी नावाचे गाव. चार पोरांचा एक बँड आहे. त्यांच्या ड्रम वाजवणाऱ्याचा हात मोडतो. म्हणून विजेच्या वस्तूंच्या दुकानात बापाच्या हाताखाली कंटाळून बसणाऱ्या गाय नावाच्या मुलाला ते एका दिवसापुरते घेतात. त्यांचे एकच गाणे आहे आणि ते ठाय लयीतले, रडवे, विरहाचे. स्पर्धेच्या रात्री हा नवा मुलगा जागेवर बसतो आणि सुरुवातच दुप्पट उत्साहाने, द्रुत लयीत करून टाकतो. गाणारा मागे वळून डोळे वटारतो, "हळू, हळू" म्हणून खुणावतो. पण समोरची पोरे-पोरी उठून नाचायला लागलेली असतात. आता माघार नाही. विरहगीताचे आनंदगीत होते, आणि ते आपल्यादेखत होते. लय म्हणजे काय, हे मला कोणत्याही संगीताच्या पुस्तकाने इतके स्वच्छ शिकवले नाही.

मग त्याच चित्रपटात तो प्रसंग येतो. त्यांचे गाणे पहिल्यांदाच रेडिओवर लागते. बँडची मैत्रीण कानाला ट्रान्झिस्टर लावून रस्त्यात असते. ती किंचाळत धावत सुटते, वाटेत एकेकाला गोळा करते आणि सगळे गायच्या बापाच्या दुकानात घुसतात. दुकानात विकायला ठेवलेले रेडिओ एकामागून एक चालू करतात आणि त्या रेडिओंच्या गर्दीत वेड्यासारखे नाचतात. ज्याचे नाव आयुष्यात एकदा का होईना वर्तमानपत्रात छापून आले असेल, दहावीच्या यादीत तरी, त्याला त्या नाचाचा अर्थ कळेल. पुढे हा बँड मोडतो. एकच गाणे चालते, आणि मग जो तो आपल्या वाटेने जातो. चित्रपटभर तेच गाणे पुन्हा पुन्हा येते आणि कंटाळा येत नाही, कारण दर वेळी ते निराळ्या वयाचे असते.

हे गाणे कोणी केले? अ‍ॅडम श्लेसिंजर नावाच्या तरुण संगीतकाराने. त्याला सांगितले गेले होते ते इतकेच की १९६४ सालच्या पोरांना सुचेल आणि त्या साली खरोखर गाजू शकेल असे गाणे हवे. मापे दिली होती, दाजी! पण त्याने कपडा असा शिवला की कल्पित पोरांचे ते गाणे खऱ्या अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४१ व्या क्रमांकापर्यंत गेले आणि ऑस्करच्या नामांकनातही आले. पडद्यावर ओठ हलतात ते नटाचे, मुख्य गळा आहे तो माइक व्हायोला याचा. श्लेसिंजर २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. त्या दिवशी जगभर कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळले की आपण चोवीस वर्षे जे गुणगुणत होतो, ते या माणसाचे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

कोणी म्हणेल, हे भावुकपणाचे झाले, विनोदाचे काय? तर १९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप' घ्या. रॉब रायनरने केलेला हा चित्रपट म्हणजे एका ढोंगी, गोंगाटी इंग्रज बँडची टिंगल. त्यांना रंगमंचावर अठरा फुटांची शिळा हवी असते. कागदावर फुटांऐवजी इंचांची खूण पडते आणि ऐन गाण्यात वरून अठरा इंचांची शिळा खाली उतरते! पण त्या बँडमधले तिन्ही नट स्वतः वाजवत होते, स्वतः गात होते. टिंगल करायलाही सूर लागावा लागतो. बेसूर माणसाने बेसूरपणाची नक्कल केली तर कोणी हसत नाही. परिणाम असा झाला की १९९२ साली हा नसलेला बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये खऱ्या प्रेक्षकांसमोर खरोखर वाजला. आपल्याकडे २००८ साली 'रॉक ऑन' आला. मुंबईच्या चार मित्रांचा 'मॅजिक' नावाचा बँड, मोडून वर्षे लोटलेली. एक बँकेच्या धंद्यात, एक घरच्या जवाहिऱ्याच्या दुकानात, एक हातावर हात ठेवून घरी. शंकर-एहसान-लॉय यांची ती गाणी ज्या वयाच्या मुलांनी तेव्हा ऐकली, ती मुले आज कर्जाचे हप्ते भरत आहेत. त्यांना विचारा ती गाणी कोणाची. ती म्हणतील, आमची.

आता तिसरे कलम : भुतांचे भजन. मी उलट म्हणतो. कल्पित बँडचे गाणे आवडणे हीच गाण्यावरची सर्वांत निर्मळ प्रीती आहे. खऱ्या गवयाच्या बाबतीत आपले कान कधी स्वच्छ नसतात. तो कोणत्या घराण्याचा, कोणाचा जावई, त्याने कोणत्या पक्षाच्या सभेत गायले, त्याचा घटस्फोट का झाला, हे सगळे गाण्याआधी कानात शिरून बसते. कल्पित बँडला जावई नसतो. गाणे आवडले तर आवडले, नाही तर नाही. त्या पोरांच्या बाहुल्या, दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात हे मला दिसते. तो बाजार मला आवडत नाही. पण बाहुलीसाठी गाणे कोणी तोंडपाठ करत नाही.

कोएन बंधूंचा २००० सालचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात तर ही गोष्ट कथेतच विणली आहे. १९३७ सालचे मिसिसिपी. बेड्या तोडून पळालेले तीन कैदी आणि वाटेत भेटलेला एक काळा गिटारवाला, चार पैशांच्या आशेने एका रेडिओ केंद्रात शिरतात. तेथला मालक आंधळा. ते एक जुने लोकगीत गातात, 'सॉगी बॉटम बॉईज' असे तोंडाला येईल ते नाव सांगतात, पैसे खिशात घालून पसार होतात. इकडे त्यांची तबकडी गावोगाव खपते, लोक वेडे होतात, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही! श्रोत्यांनी त्यांना पाहिलेले नाही, त्यांचे खरे नाव ठाऊक नाही, ते कैदी आहेत हे ठाऊक नाही. आवडले ते फक्त गाणे. पुढे या चित्रपटाच्या गाण्यांच्या संचाला २००२ साली वर्षातला सर्वोत्तम संच म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

येथपर्यंत मी दाजींच्या विरुद्ध बोललो. आता थोडे माझ्याच पक्षाच्या विरुद्ध बोलतो, कारण त्याशिवाय माझे बोलणे पुरे होत नाही.

त्या कैद्यांच्या गाण्यात पडद्यावर जॉर्ज क्लूनी गातो. गळा त्याचा नाही. तो आहे डॅन टायमिन्स्कीचा. आणि ते लोकगीत छापील रूपात मागे नेत गेले तर १९१३ च्या सुमारास केंटकीच्या डिक बर्नेट या दृष्टी गेलेल्या फिरत्या गायकाच्या पुस्तिकेत सापडते. म्हातारपणी त्याला विचारले, तर हे आपणच रचले की कोणाकडून घेतले, हे त्यालाही खात्रीने सांगता येईना. म्हणजे एका खोट्या नावाच्या पोटात किती खरी माणसे गडप झालेली असतात पाहा! कल्पित बँड हा मोठा गोड राक्षस आहे. तो खरी नावे गिळतो आणि ढेकरही देत नाही.

हे पाप परदेशातलेच आहे असे मानू नका. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातले त्यातले एक गाणे रेडिओवर लागले आणि देश वेडा झाला. लोकांनी विचारले, गाते कोण? तबकडीवर छापले होते, 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या मधुबालेच्या पात्राचे नाव! गाणारी होती वीस वर्षांची लता मंगेशकर. श्रोत्यांनी विचारपूस केली, पत्रे आली, तेव्हा कुठे खरे नाव बाहेर पडले. श्रोत्यांनी विचारले नसते तर? लताबाई पुढे लताबाई झाल्याच असत्या हे मान्य. पण ज्यांच्याबद्दल कोणी विचारलेच नाही अशा किती कामिनी त्या तबकड्यांखाली गाडल्या गेल्या असतील?

याच्या उलटेही घडले आहे, आणि ते अधिक चटका लावते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अवाढव्य अंड्यातून बाहेर पडून नाचणारा अँथनी गोन्साल्विस कोणाला आठवत नाही? सगळ्यांना वाटते, हे नाव गंमत म्हणून घेतले. अहो, अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस होता! गोव्यातल्या माजोर्डा गावचा व्हायोलिनवादक, मुंबईच्या चित्रपटसंगीतातला नामवंत संयोजक, प्यारेलालचा गुरू. शिष्याने गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात घातले. गुरू २०१२ साली गेले. गोव्याच्या अशा कितीतरी वादकांनी हिंदी चित्रपटांची गाणी नोटेशन लिहून, संयोजन करून, वाजवून उभी केली. आणि पडद्यावर वर्षानुवर्षे त्यांची नावे आली नाहीत. ज्या एकाचे आले, तो खराखुरा माणूस लोकांनी काल्पनिक समजून घेतला. कामिनीच्या आड खरी गाणारी लपली होती. येथे खरा वाजवणाराच कामिनी होऊन बसला.

हे मला इतके का लागते ते सांगतो. आमचे मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. मराठी माणसाला बँड म्हटले की आधी तोच आठवतो : लाल कोट, पितळी बटणे, पुढे मोठा ढोल आणि मागे डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया. बँडचे नाव भपकेदार होते, ढोलावर इंग्रजी अक्षरांत रंगवलेले. मामांचा कोट आधीच्या वादकाच्या मापाचा होता, बाह्या बोटांवर येत. वाजवताना ते त्या दुमडून घेत. चातुर्मासात मुहूर्त नसत, तेव्हा ते सायकली दुरुस्त करत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एका मोठ्या घरच्या वरातीत मामांनी एक चाल अशी वाजवली की नाचणारी माणसे नाचायची थांबली आणि ऐकू लागली. वरातीत माणसे नाचायची थांबणे म्हणजे काय, ते वरातीत वाजवणाऱ्यालाच कळते. नवऱ्याचे वडील पुढे आले. त्यांनी बँडच्या मालकाच्या हातात नोट ठेवली आणि म्हणाले, "तुमचा बँड फार छान वाजतो." मालकाने नमस्कार केला. मामा बाह्या दुमडत राहिले. घरी येताना मी म्हटले, "मामा, ते तर तुम्ही वाजवलं होतं." मामा म्हणाले, "अरे, कोटावर बँडचं नाव आहे. माझं कुठे आहे?" ते चिडून म्हणाले नाहीत, हेच मला आजवर खुपते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. खोट्या बँडवर खुशाल प्रेम करा, पोटभर करा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण गाणे संपले की विचारा : गाणारा कोण, चाल कोणाची, वाजवले कोणी? 'महल'च्या वेळी हे विचारायला पत्र लिहावे लागे. आज बोट हलवले की पुरते. न विचारणे याला आता आळसाखेरीज दुसरे नाव उरलेले नाही.

आता आमच्या पोरीच्या गाण्याकडे. मी घरी आलो आणि शोधले. चित्रपट 'के-पॉप डेमन हंटर्स', २०२५ च्या जूनमधला. ते गाणे ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. मोबाइलवर त्या कल्पित बँडच्या नावाशेजारीच गाणाऱ्या तिघींची नावे छापलेली होती : ईजे, ऑड्री नूना, रे आमी. कामिनीपासून येथवर जग एवढे तरी पुढे आले, म्हणून मला बरे वाटले. यातली ईजे हिची हकीकत वाचली. लहान वयात ती एका मोठ्या कोरियन कंपनीत गायिका होण्यासाठी शिकायला गेली. दहा-एक वर्षे तालीम केली. कंपनीने तिला रंगमंचावर कधी आणलेच नाही. ती बाहेर पडली, इतरांसाठी गाणी लिहू लागली. जो गळा खऱ्या बँडांच्या कारखान्याने नाकारला, त्याला अखेर घर मिळाले ते नसलेल्या बँडमध्ये. आणि ते गाणे लिहिणाऱ्यांत तीही आहे. दाजी, हृदयातून आलेले गाणे याहून निराळे असते काय?

हे सारे मी दाजींना पत्राने कळवले. उत्तर आले नाही. मग माघात आक्काच्या दिराच्या मुलाचे लग्न निघाले आणि आम्ही पुन्हा एकत्र आलो. वरातीला बँड होता. क्लॅरिनेट नव्हते, ट्रम्पेट होते, आणि लाऊडस्पीकरची गाडी होती. तरी ट्रम्पेटवाला वाजवत होता ते मन लावून. वरात दाराशी पोचली, बँड थांबला, तेव्हा आमची नात गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली.

"काका, तुमचं नाव काय?"

तो दचकला. त्याला वाटले, कोणाची तक्रार आहे. त्याने गाडीकडे बोट केले. "मालक तिकडं हायेत, बाळ."

"मालकांचं नको. तुमचं."

त्याने सांगितले. बाजूला दाजी उभे होते. त्यांनी खिशातून लग्नपत्रिकेचे पाकीट काढले, पेन काढले, आणि त्या माणसाला म्हणाले, "परत एकदा सांगा. आडनाव नीट ऐकू आलं नाही."